खालची ओळ

दोस्ता : तो कॉम्प्युटर लावू नकोस, नाउम. बिघडलाय.

नाउम : काय बिघडलंय? ब्लागामावशीला जाऊन आठवडा होत आला, आई. लेंचेला निदान तुझं तोंड तरी दिसू दे. तिची आई गेल्यावर मेलबर्नला एकटीच उरलीय ती.

दोस्ता : फोनवर बोलले की मी तिच्याशी.

नाउम : ‘हो’ आणि ‘बरं’. एवढंच बोललीस म्हणे. आणि तिनं आणखी एक सांगितलं. उन्हाळा संपला तेव्हापासून तू एकाही रविवारी व्हिडिओवर मावशीसमोर बसली नाहीस.

दोस्ता : मिरच्यांचे दिवस होते. भाजायच्या, सोलायच्या, आयवारची चटणी ढवळत उभं राहायचं. तुम्ही स्कोप्येहून येता आणि भरलेल्या बरण्या उचलून नेता. तुम्हाला काय कळणार.

नाउम : रविवारीसुद्धा मिरच्या? चर्चमधून आलीस की कोट न काढता इथं वर येऊन बसायचीस. दोघींचे हात नुसते भराभर चालायचे. कॉफी निवून जायची, ती मी पीत होतो.

दोस्ता : ओल्या फडक्यानं पुसला मी.

नाउम : काय पुसलंस?

दोस्ता : हाच. तू उन्हाळ्यात इथं राहून परत गेलास ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. मागं धूळ साचली होती. फडकं पिळलं नव्हतं नीट. मग रविवारी लावला, तर काळा पडदा आणि त्यावर इंग्रजी ओळी. नंतर भलतंच चित्र आलं, त्यावर तुझं नाव, आणि पासवर्ड मागायला लागला. बंद केला, परत लावला. तेच.

नाउम : मला का नाही सांगितलंस?

दोस्ता : तू फोनवर विचारायचास, कॉम्प्युटर नीट चालतोय ना. मी म्हणायचे, चालतोय. पोरानं हौसेनं दिलेली वस्तू आणि आपण तिच्यात पाणी घालावं. कोणत्या तोंडानं सांगणार?

(नाउम कॉम्प्युटर लावतो. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी उमटतात.)

दोस्ता : बघ. हेच ते.

नाउम : आई.

दोस्ता : दुरुस्त होत नसेल तर राहू दे. आता कुणासाठी हवाय?

नाउम : हा बिघडलेला नाही. हे मी केलंय.

दोस्ता : तू कशाला करशील?

नाउम : मला इथून काम करायचं होतं. माझ्या कामाला लिनक्स लागतं, तुझं सगळं विंडोजवर. म्हणून एकाच यंत्रात दोन्ही बसवली. एका घरात दोन चुली म्हण ना. लावला की तो विचारतो, कुणाची चूल पेटवू? आपण काहीच बोललो नाही, तर वरच्या ओळीतली पेटवतो. वरची माझी आहे. तुझी खालची.

दोस्ता : घर माझं, आणि चूल आधी तुझी?

नाउम : रोज बाण दाबायचा कंटाळा. मी इथं होतो तोवर रविवारी तुझी मीच लावून द्यायचो. जाताना तुझी वर करून ठेवणार होतो, तुला दाखवणारही होतो. बस सुटत होती. राहून गेलं. नंतर आठवलंसुद्धा नाही.

दोस्ता : म्हणजे फडक्यानं काही झालं नाही.

नाउम : काहीच नाही.

दोस्ता : कसं करायचं ते दाखव मला.

नाउम : हा बाण. तुझ्या ओळीवर येईपर्यंत दाबायचा. मग हे मोठं बटण.

दोस्ता : बस? एवढंच?

नाउम : एवढंच.

दोस्ता : हा ब्लागाचा फोटो. जिथं होता तिथंच आहे की.

नाउम : लेंचे विचारत होती, तुम्हा दोघींचं काही बिनसलं होतं का.

दोस्ता : शेवटच्या रविवारी. ब्लागा म्हणाली, मला इथंच पुरा, नवऱ्याशेजारी. मी म्हटलं, आईबाबा इथं प्रिलेपला, उद्या मीही इथंच, आणि तू तिकडे परक्यात? ऐकेना. मग हातानं सांगितलं मी, जा, पड तिकडेच. आणि बंद केलं. पुढच्या रविवारी माफी मागणार होते.

नाउम : लेंचेजवळ निरोप द्यायचास.

दोस्ता : लेंचेशी ती ओठ वाचून बोलायची. आमच्या खुणा आमच्या दोघींच्याच. लहानपणी ब्लागा तापातून उठली आणि तिला ऐकू येईना, तेव्हा अंगणात बसून आम्ही बनवलेल्या. माफीची खूण दुसऱ्याच्या हातानं कशी पाठवू? आणि बहिऱ्या बहिणीला फोनवर काय सांगू?

नाउम : माझ्यामुळे झालं हे. एका आळसापायी...

दोस्ता : आता तू नको सुरू करूस. लाव लेंचेला.

लेंचे : मावशी? दिसतेयस गं. किती वाळलीस.

दोस्ता : सुतकाच्या काळ्या रुमालात सगळ्याच तशा दिसतात. जेवतेस का तू?

लेंचे : शेजारणी आणून देतात. मावशी, एक विचारू? आईवर रागावली होतीस का?

दोस्ता : हो. रुसले होते. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. मुद्दामच आले नाही समोर.

नाउम : खोटं सांगतेय ती.

दोस्ता : नाउम, तू खाली जा.

नाउम : लेंचे, माझ्या सोयीसाठी मी हिच्या कॉम्प्युटरमध्ये बदल केला आणि हिला सांगायला विसरलो. हिला वाटलं, आपल्या हातून मोडला. लाजेनं कुणाला बोलली नाही. ती तुमच्या दारापर्यंत येत होती गं. कुलूप मी लावलं होतं.

दोस्ता : कशाला सांगायचं? मी गेल्यावर तुम्ही दोघंच एकमेकांना उरणार आहात.

नाउम : म्हणूनच सांगतोय. लेंचे, बोल काहीतरी. शिवी दे हवं तर.

लेंचे : शिवी देऊन काय करू? राग आलाय मला तुझा, नाउमदादा. लवकर जाणारही नाही तो.

नाउम : असू दे.

दोस्ता : ती वाट बघायची का, लेंचे? खरं सांग.

लेंचे : दर रविवारी. केस विंचरून, स्वच्छ ब्लाउज घालून बसायची. मी म्हणायचे, बंद कर आई, मावशी रुसलीय. तर माझ्याकडे बघून मान हलवायची. म्हणायची, दोस्ता माझ्यावर रुसत नाही, तिला जिना चढायला वेळ लागतो. राहू दे चालू, अजून थोडा वेळ.