वाटाण्यांशेजारची नळी

—आलात? या ताई, बसा. निघालं स्कूटरचं पंक्चर? तुमचा डबा जागच्या जागी आहे, हात लावला नाही मी—म्हणजे लावला, पण एकदाच. सकाळी वरच्या मास्तरांचं रक्त काढलंत ना, त्या नळीवरच्या चिठ्ठीत वय असतं, म्हटलं बघावं. चौसष्ट! आणि मला जिन्यात केस मागे सारत अठ्ठावन्न सांगतात! हसू नका हो—मीही हसले, इथे ओट्याशी एकटीच, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तर हसता हसता बघते काय, तुमच्या बर्फाच्या पिशव्या मऊ पडलेल्या. हा असा उकाडा, रक्त नासलं तर? परवा त्यांचं ऑपरेशन, आज रिपोर्ट गेला नाही तर तारीख महिनाभर पुढे. मग काय केलं—नळी उचलली आणि ठेवली फ्रीजरात, वाटाण्यांशेजारी. स्वच्छ पिशवीत घालून हो! ही बघा, कशी दगडासारखी झालीये.

असं काय बघता? गार ठेवा म्हणून तुम्हीच सांगितलंत. गार वेगळं आणि गोठलेलं वेगळं? पेशी फुटतात? सगळ्या? अगं बाई! मी आपली बर्फ बघून खूश होत होते.

पुन्हा काढायचं म्हणता—पण ते देतील का? तिसऱ्या टोचणीला शीर सापडली तेव्हा काय म्हणाले, ऐकलंत ना? आता सुई दिसली तर ऑपरेशनच नको! अहो, चालताना कळवळतात ते, रोज जिन्यात ऐकते मी. नाही, नाही, करायलाच हवं. चूक माझी, मीच सांगते. ओरडतील. ओरडू देत.

मुद्दाम? छे! मुद्दाम कशाला करीन मी? सकाळी सुई टोचताना त्यांनी माझा हात धरला होता म्हणून? तुम्ही नळीकडे बघत होतात, तुम्हाला काय दिसणार—बोटं पांढरी पडली माझी. नऊ वर्षं शेजार, पण वाटीभर साखरेपलीकडे देवाणघेवाण नाही, आणि आज एकदम... जाऊ दे, कुठे काय बोलते मी! मी हात धरला तर बसतील गप, एवढंच म्हणायचंय. उठा, वाजवा बेल, मी केस नीट करून आलेच. आणि ताई, शीर अगदी सावकाश शोधा. घाई नको. जा!