सहाला, आत्ता नाही

(शुक्रवार, सहा डिसेंबर. स्टॅनमोरला दुपारचे साडेतीन, फिनलंडमध्ये टाम्पेरेला साडेपाच. आजी आणि नातीचा व्हिडिओ कॉल.)

आजी: म्हणजे बॅगसुद्धा भरून झाली?

टालिया: झाली. उद्या रात्रीचं फ्लाइट आहे. डॅडीला सांगू नको.

आजी: ऍडमला मी सांगायला कशाला हवं? माझ्या नुसत्या हॅलोवरून ओळखतो तो. किती दिवस येतेयस?

टालिया: दिवस नाही, आजी. फॉर गुड.

आजी: अगं, दोन वर्षांचा कोर्स! ऑगस्टमध्ये गेलीस तू.

टालिया: तू फक्त 'ये' म्हण. मग मी डॅडीला सांगते, आजी एकटी आहे, आजीला गरज आहे.

आजी: खापर माझ्या डोक्यावर कशाला फोडतेस? आणि लवकर बोल काय ते. आज मावळतीपासून शब्बाथ, आपला विसाव्याचा वार. एकदा मेणबत्त्या लावल्या की मी फोनला हात लावत नाही, माहितीय ना तुला?

टालिया: माहितीय.

आजी: तू लावल्यास? तिकडे तर कधीच अंधार पडला असेल.

टालिया: तीनला पडला. आजी, इथे दिवस नसतोच. मी लेक्चरला जाते तेव्हा काळोख, परत येते तेव्हा काळोख. आणि कोणी बोलत नाही. बस स्टॉपवर सगळे लांब लांब उभे राहतात. माझी फ्लॅटमेट, आयनो, तिच्या दाराच्या मागे थांबते. मी किचनमधून गेले की मग बाहेर येते. मला आवाज येतो तिच्या पायांचा.

आजी: मग तू बोल ना आधी.

टालिया: बोलले! पहिल्याच वीकमध्ये. आपण म्हणतो ना जाता जाता, 'यू ऑलराइट?' तसं म्हटलं आणि गेले. तर दुसऱ्या दिवशी ती माझ्या दारात. म्हणे, 'काल तू विचारलंस. मी विचार केला. मी ऑलराइट नाही, माझी दाढ दुखते. पण तू थांबली नाहीस.'

आजी: (हसत) अगं बाई! मग?

टालिया: हसू नको. मी सॉरी म्हटलं. ती म्हणाली ओके. त्यानंतर काही नाही. तीन महिने.

आजी: बरं, हसत नाही. मेणबत्त्यांचं काय झालं ते सांग.

टालिया: तू रागावशील.

आजी: एकोणऐंशी वर्षांची झाले मी. रागवायलासुद्धा दम लागतो आता.

टालिया: अडीचला लावल्या मी. किचनच्या खिडकीत, कारण माझा खोली खूप छोटा आहे.

आजी: छोटी.

टालिया: छोटी. प्रार्थना म्हटली, डोळे झाकून, तू शिकवलं तशी. डोळे उघडले तर आयनो मागे उभी. बघत होती. मग म्हणाली, 'सहाला. आत्ता नाही.' बस, तेवढंच. आणि आत निघून गेली.

आजी: सहाला काय?

टालिया: मला काय माहीत! किचनच्या टाइमिंगचा काहीतरी रूल असेल. इथे सगळ्याला लिस्ट असते, लाँड्रीला पण. मला इतका राग आला... म्हणजे देवाचं पण चुकीच्या वेळी करते का मी? आणि मग मी...

आजी: विझवल्यास.

टालिया: फुंकर मारली. दोन्ही. आजी, आय नो, शब्बाथच्या मेणबत्त्या कधीच विझवायच्या नाहीत. मी पहिल्यांदा केलं असं. मग बॅग भरली. रागावलीस?

आजी: नाही गं. ऐक. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या आजोबांनासुद्धा नाही.

टालिया: काय?

आजी: सदुसष्ट साली आम्ही इकडे विलायतेत आलो. हेंडनला एक खोली, वर पोटमाळ्यावर. तुझे हाईम आजोबा दिवसभर कामावर. मी रेवदंड्याची, घरात चौदा माणसं, एकटी कधी झोपलेसुद्धा नव्हते. इथे दिवस दिवस माझाच आवाज मला ऐकू यायचा नाही. पहिल्या शुक्रवारी दोन मेणबत्त्या लावल्या. घरमालकीण मिसेस प्रॅट वर आली, दारात उभी राहिली आणि म्हणाली, 'किती वेळ जळणार त्या?'

टालिया: मग?

आजी: मग ती खाली गेली आणि मी चिमटीनं दोन्ही विझवल्या. बोटं भाजली. हाईमला सांगितलं, वाऱ्यानं गेल्या. त्या खोलीला उघडणारी खिडकीच नव्हती.

टालिया: आजी!

आजी: पुढच्या शुक्रवारी दाराबाहेर दोन बशा ठेवलेल्या. मेण गळू नये म्हणून. मायेनं ठेवल्या का तिच्या टेबलाच्या काळजीनं, ते मला आजवर कळलेलं नाही. एक फुटली. दुसरी ही बघ, अजून वापरते.

टालिया: ती प्रॅटची आहे? मला वाटायचं तुझ्या लग्नाची.

आजी: लग्नाची असती तर इतकी टिकली नसती.

टालिया: पण तुझ्याकडे आजोबा होते. माझ्याकडे इथे कोणी नाही.

आजी: हो. ते खरं आहे तुझं.

टालिया: मग 'ये' म्हण.

आजी: टालिया, तू तीन वर्षं माझ्याकडे राहून कॉलेज केलंस. तुझ्या खोलीची खिडकी मी अजून रोज सकाळी उघडते आणि संध्याकाळी लावते. भात अजून दोघींचा टाकते, मग दुसऱ्या दिवशी तोच खाते. मला विचारू नकोस येऊ का म्हणून. माझं उत्तर तुझ्या कामाचं नाही.

टालिया: थांब, कोणीतरी नॉक करतंय.

आजी: जा, बघ. मी आहे.

टालिया: आयनो आहे. एक मिनिट हं.

आजी: जा गं.

टालिया: ... आजी? आहेस?

आजी: कुठे जाणार? काय म्हणते ती?

टालिया: आज इथला इंडिपेन्डन्स डे आहे. मला वाटलं नुसती सुट्टी. संध्याकाळी प्रत्येक घरात खिडकीत दोन मेणबत्त्या लावतात. दोनच. सहा ते आठ. तिला वाटलं मी त्यांच्यासाठीच लावल्या, फक्त वेळ चुकली. तिला खूप छान वाटलं म्हणे. आणि मी विझवल्या तेव्हा तिला वाटलं, मी तिचं ऐकलं.

आजी: अरे देवा.

टालिया: मग मी आपलं सांगितलं, शब्बाथचं. ती रडायलाच आली. म्हणे, मला विचारायला पाहिजे होतं. तिच्या हातात दोन मेणबत्त्या आहेत, नव्या. विचारते, परत लावल्या तर चालेल का तुमच्यात?

आजी: अंधार पडल्यावर आपण लावत नाही. पण या त्यांच्या आहेत. त्यांच्याबरोबर लाव. देवाचं मी बघते.

टालिया: अजून सहाला दहा मिनिटं आहेत. पण समोरचे काही थांबलेच नाहीत. बघ, फोन फिरवते. तिसऱ्या मजल्यावर, त्या कोपऱ्यात, खाली पण.

आजी: दोन, दोन... सगळी आपलीच माणसं राहतात की काय तिथे?

टालिया: आजी! ज्यू नाहीत ते.

आजी: माहितीय गं. बघू दे.

टालिया: आणि ती म्हणाली, उद्या साताला आमच्या फ्लोअरचा सौनाचा टर्न असतो, म्हणजे ती गरम वाफेची खोली. ती एकटीच जाते दर शनिवारी. येशील का, विचारलं.

आजी: साताला तर तू एअरपोर्टवर.

टालिया: हो.

आजी: मग काय सांगितलंस?

टालिया: येते म्हटलं. आजी? आहेस?

आजी: आहे. काड्यापेटी शोधत होते. इथे पण ऊन गेलंच बघ. लावते मी आता.

टालिया: मग फोन ठेवू?

आजी: नको. खिडकीत ठेव टेकवून. काही बोलायला नको. मी आता हात लावणार नाही त्याला. बॅटरी आहे तोवर राहू दे.