पंपाचा हिवताप

हसू नका, पण एकदा पंपाले हिवताप आला होता. कारंज्याच्या तेलाच्या मिलमध्ये मी व्हॅक्यूम पंपावर होतो तवा. थंडीचे दिवस. रोज दुपारी पंप असा गुणगुणे का मी सपनात तरंगत जाओ. मंग एकदम सारं शांत! पंप बंद, हात लावला त चटका. तेल बदललं, पाणी पाह्यलं, काही नाही. मालक म्हणे, "उद्या बंद पडला त तू घरी!"

दुसऱ्या दिवशी झोपेचं सोंग घेतलं. झाडूवाली गंगूमावशी आली अन् पंपावर गोधडी पांघरली.

"मावशी, हे काय?"

"हिवताप हाये त्याले. आंग गरम, थरथरून राह्यला. रोज पांघरतो, त्याची गुणगुण थांबून तो निजला का काढून नेतो."

"अन् मी इथं कुडकुडतो, मले काहून नाही?"

"तू त घोरत असतं बाप्पा. तो कण्हते!"