न चाखता खारट!

मंडळी, ऐका! शेजाऱ्याचा पोरगा पास झाला. त्यांनी पेढे वाटले, अख्ख्या गल्लीनं खाल्ले — आणि पोटात दुखलं कुणाच्या? आपल्या! का हो? पेढा शिळा होता? अहो, आपण तर तो तोंडातही टाकला नव्हता! पेटीवाले, हसू नका, तुमच्याही दुखतं ते! तर दुसऱ्याचं बरं झालेलं ज्याला बघवत नाही, त्याचं शेवटी होतं काय — एवढाच आजच्या कीर्तनातला प्रश्न. आणि उत्तर पुराणातलं नाही बरं का. टीव्हीवरचं आहे!

एक स्पर्धा होती, 'ताट कुणाचं भारी'. सगळ्यांनी रांधायचं, परीक्षकांनी चाखायचं, आणि दर आठवड्याला एकानं घरी जायचं. शेवटपर्यंत टिकेल ती महासुगरण! त्यात सांगलीच्या नलिनीबाई वझरकर. हाताला चव होती हो, खोटं कशाला बोलू? पण हातापेक्षा डोकं जास्त चालायचं. आज कुणाशी गट्टी करायची, बाद करायला कुणाचं नाव सुचवायचं, कुणाच्या कानाशी लागायचं — सगळे डाव तयार! अशानं दोघीतिघी परस्पर घरी गेल्या. इकडे सांगलीत चौकात नलिनीबाईंचा फ्लेक्स लागला. 'आमची महासुगरण'! निकालाच्या आधीच! आता हरून त्या चौकातून घरी कसं जायचं, सांगा?

आणि मध्येच आली सगुणा. देवळात नैवेद्याचा स्वयंपाक करणारी साधी बाई. तिची एक रीत होती. रांधताना चव म्हणून घ्यायची नाही! "देवाच्या आधी उष्टं कसं करू?" म्हणायची. ओट्यावर देवाची तसबीर ठेवायची, झालं की वाटीभर पुढे मांडायची, हात जोडायची, मगच परीक्षकांना ताट. आणि तरी मीठ नेमकं! परीक्षक खूश, प्रेक्षक खूश. टाळ्याच टाळ्या!

नलिनीबाईंचा मात्र नुसता तिळपापड! 'माझ्या मटकीच्या उसळीला "छान", आणि हिच्या साध्या वरणाला "वा वा वा"? वरण ते वरण! त्यात वा वा काय? आणि ती तसबीर! सगळं कॅमेऱ्यासाठी चाललंय. ढोंगी मेली! नाव सगुणा आणि...' झोप उडाली बाईंची. शेगडी स्वतःची, पण डोळा सगुणेच्या पातेल्यात. मग काय व्हायचं? एकदा भात लागला, एकदा भाकरी करपली.

आता सगुणा बघा हं. अंतिम फेरीत दोघीच उरल्या. एक महासुगरण होणार, एक घरी. त्या दिवशी सकाळी सगुणा मीठमोहऱ्या घेऊन नलिनीबाईंकडे आली.

"ताई, बसा बघू. तुमच्यासारख्या सुगरणीची भाकरी करपते म्हणजे काय? कुणाची तरी दृष्ट लागलीय तुम्हाला!"

काढली की दृष्ट! अहो, जिची दृष्ट, तिचीच काढली! नलिनीबाई बसल्या मुकाट्यानं. मनात विरघळल्या असतील असं वाटतं ना तुम्हाला? छे! मनात म्हणाल्या, 'आता चांगुलपणातही हीच पुढं!' मंडळी, मत्सराला उपकारसुद्धा टोचतो.

फेरी सुरू झाली. पुरणपोळी आणि कटाची आमटी. दोघींच्या आमट्या उकळायला लागल्या. सगुणा तूप आणायला आतल्या कोठीत गेली, कॅमेरेवाला तिच्या मागं. नलिनीबाईंनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं — आणि पदराआडून मूठभर मीठ सगुणेच्या आमटीत! 'चाखणार तर नाहीच ही. दाखव म्हणावं आता देवाला!' अगं बाई, देवाच्या नैवेद्यात मीठ ओतलंस की गं!

तेवढ्यात भोंगा वाजला! सूत्रसंचालक ओरडला, "थांबा! ओटे बदला! आता एकमेकींचा स्वयंपाक पुरा करायचा!"

घ्या! आपणच ओतलं, आता आपल्याच गळ्यात!

नलिनीबाईंना घाम फुटला. पण डोकं तल्लख! धावल्या, पोळ्यांची कणीक समोरच होती, तिचे गोळे करून आमटीत सोडले. गोळे मीठ ओढून घेतात, हे इथल्या सगळ्या बायकांना ठाऊक आहे. शेवटी गोळे काढले, पाणी घातलं, गूळ घातला, आमटी ताळ्यावर आली. आता गप्प बसायचं की नाही? गप्प बसली असती तर आख्यान इथंच संपलं असतं!

परीक्षकबाईंनी भुरका मारला. "बरी आहे. पण ते गोळे कशाला सोडले होतेत?"

आणि पोटातला मत्सर जिभेवर आला! "काय सांगू, बाई! सगुणेनं आमटी नुसती खारट करून ठेवली होती. मी होते म्हणून वाचली!"

सगुणा बघतच राहिली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. "पण ताई, तुम्ही चाखली कधी? ओटे बदलल्यापासून मी तुमच्याकडेच बघत होते. तुम्ही पळी तोंडाला लावली नाहीत. मला वाटलं, माझ्या देवाची तसबीर त्या ओट्यावर राहिली, तिचा मान ठेवला ताईंनी. इतकं बरं वाटलं हो मला! मग... न चाखता खारट कशी कळली?"

परीक्षकबाईंनी वाटी खाली ठेवली. नलिनीबाईंना एरवी शंभर डाव सुचायचे, आज एक सुचेना. समोर तसबीर, शेजारी ती सकाळी दृष्ट काढणारी.

"मीच घातलं मीठ," म्हणाल्या. "बघवत नव्हतं मला तुझं."

संपला खेळ. पदर डोळ्याला लावून निघाल्या. दारात सगुणेला म्हणाल्या, "जाते."

सगुणेनं हात धरला. "ताई, जाते म्हणू नये. येते म्हणावं."

आणि मंडळी, तो एवढासा शब्द नलिनीबाईंच्या तोंडून फुटेना. फ्लेक्सखालून जायची भीती केव्हाच मागं पडली होती. ज्या बाईला बाद करायला इतकं केलं, तीच 'परत या' म्हणते — हे कसं सोसायचं?

हळहळलात? का? नलिनीबाई सांगलीला राहिल्या, पण मिठाची मूठ या मंडपातही आहे! जावेच्या नव्या साडीला "रंग जाईल हं" म्हणालात, ते मीठच! मित्राला बढती मिळाली आणि "साहेबाचा माणूस आहे तो" म्हणालात, तेही मीठच! आणि तुम्ही मला म्हणाल, "बुवा, तुम्हीसुद्धा!" हो, मीसुद्धा! त्या पलीकडच्या आळीत दुसऱ्या बुवांना गर्दी जास्त असते म्हणे. असू दे! मोठ्यानं म्हणतो, असू दे!

आता उठा. देवाला नैवेद्य झालाय, पानं मांडलीत. आजही कटाची आमटीच आहे, आणि करणारीनं चाखलेली नाही. सावकाश जेवा. पण घास घेण्याआधीच कुणी "खारट आहे" म्हणालं ना — तर त्याला आधी माझ्याकडे पाठवा!