तीन नंबर आणि एकोणीस नंबर

आदरणीय अध्यक्ष नत्थुजी, मंचावरचे पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती गोपाळकृष्ण सर आणि भर उन्हात आलेल्या भजनी माय-बापहो!

बावीस वर्षं सरांनी आपल्या खंजिरी भजन स्पर्धांचं परीक्षण केलं. कार्यक्रम ठरवणाऱ्या चारुशीलाताई मले म्हणाल्या, "कुंदन, दोन शब्द चांगले बोल." माझ्याजवळ दोन कागद आहेत, त्यांच्याबद्दल बोलतो.

गेल्या वर्षी बडनेऱ्याच्या स्पर्धेत आमच्या मंडळाचं नाव यादीत दोनदा पडलं. एकदा गावाच्या नावानं, एकदा मंडळाच्या. तीन नंबरला गायलो. मग मी कौंडण्यपूरच्या जत्रेत घेतलेली नवी चप्पल शोधत फिरलो, ती अजून सापडली नाही, ते असो. जेवणानंतर एकोणीस नंबर पुकारला. आम्हाला वाटलं, दुसरी फेरी! परत तेच भजन, तीच खंजिरी, तोच आमच्या मुख्य गायिका जमुनाकाकूंचा आवाज. सरांनी मान वर केली नाही.

आयोजकांनी निकालासाठी नंतरचा, एकोणीस नंबरचा कागद धरला. मार्क बावन्न. शेरा, 'आवाज थकला, नव्यांना संधी द्यावी.' काकूंनी खंजिरी खुंटीला अडकवली. विचारलं की म्हणतात, "सरायनंच लिहून देल्लं नं बाप्पा, मी थकली म्हणून."

परवा या कार्यक्रमासाठी आयोजकांचं कपाट झाडलं, तर तीन नंबरचा पहिला कागद निघाला. मार्क चौऱ्याऐंशी! शेरा, 'आवाज भारदस्त.'

सर, तुम्ही नेहमी म्हणता, "माझा कान चुकत नाही." मग चार-पाच तासांत काकू म्हाताऱ्या झाल्या, की तुमचं पोट भरलं? आणि बाकीचे दोन परीक्षक? सरांच्या कागदात डोकावून राहिले होते. हसू नका, पहिल्या रांगेत तुम्हीच बसले आहात.

नव्या परीक्षकांना एवढंच सांगतो. ताल, शब्द, आवाज, तिन्हींचे मार्क वेगळे लिहा. ज्याची त्यानं चिठ्ठी घडी करावी, मगच तोंड उघडावं. जेवून आल्यावर सकाळचे कागद एकदा परत पाहावे.

काकू तिसऱ्या रांगेत आहेत. खंजिरी मी पिशवीत आणली. वर या म्हटलं, तर म्हणतात, "सर सांगतीन तवा येईन."

तर सर, दोन्ही कागदांवर सही तुमची आहे. जो खोटा असेल, तो इथंच फाडा.

ऐकून घेतलं, आभारी आहे. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल तर माझं लहानपण समजून सोडून द्या. त्या बत्तीस मार्कांचं मात्र सोडून देऊ नका. सर, हार जरा बाजूला सरकवा. कागद ठेवायला जागा पाहिजे.