गप्पांच्या सहा कॅसेट

दि. १४/१०/१९९७

मी, प्रशांत कोंडीराम भिंगारदिवे, वय ३४ वर्षे, धंदा रेडिओ-टेप दुरुस्ती, रा. काष्टी, ता. श्रीगोंदा, जि. अहमदनगर, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून जबाब लिहून देतो की,

वरील पत्त्यावर मी, आई भागिरथी व पत्नी माधुरी असे राहतो. माझे वडील कोंडीराम हे जलशात गात. ते दोन वर्षांपूर्वी वारले. त्याआधीच्या आठ वर्षांत मी त्यांचा आवाज घरीच एकतीस कॅसेटवर भरून ठेवला. पंचवीसवर गाणी आहेत. सहांवर नुसत्या गप्पा होत्या. जेवताना बोललेले, आईशी भांडलेले, तिला चहासाठी हाका मारलेले.

मधल्या खोलीत भिंतीतल्या कपाटात मी दोन कॅसेटचा टेप बसवला. कॅसेट नंबर टाकून ओळीने लावल्या. तिथून वायर ओढून प्रत्येक खोलीत स्पीकर दिला. शेजारी राहणारा चुलतभाऊ पंकज कारभारी भिंगारदिवे, वय ३० वर्षे, याने मागितला म्हणून भिंतीला भोक पाडून त्याच्या घरीही एक स्पीकर दिला. भोक मी स्वतः पाडले. कपाटाला कुलूप नव्हते. आपल्याच माणसांसाठी कुलूप कशाला, असे मला वाटत होते.

आईला मोतीबिंदूमुळे दिसत नाही. ती रोज दुपारी जेवताना गप्पांची कॅसेट लावायला सांगते. गाणी कधी मागत नाही.

पंकज ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उभा आहे. रविवारी दि. १२ रोजी मी व माधुरी पारनेरला लग्नाला गेलो होतो. त्या वेळी पंकजने आमच्या घरी येऊन स्पीकर बंद ठेवून कपाटातल्या गप्पांच्या सहा कॅसेटवर स्वतःचा प्रचार भरला. आईने चाचपडत त्याला चहा करून दिला. पुन्हा रेकॉर्डिंग होऊ नये म्हणून मी सर्व कॅसेटच्या वरच्या कडेचे प्लास्टिकचे तुकडे मोडलेले होते. त्या भोकांवर चिकटपट्टी लावली की रेकॉर्डिंग होते. ही युक्ती पंकजला मीच शिकवली होती.

पाच कॅसेट त्याने प्रचाराच्या रिक्षांना दिल्या. एक जागेवर ठेवली. सोमवारी दुपारी दीड वाजता आईला ताट वाढून माधुरीने तीच लावली. स्पीकरमधून आवाज आला, "आपल्या वाडीचा लाडका उमेदवार, निशाणी कपबशी." आईने हातातला घास ताटात ठेवला व विचारले, "ह्यो कोन बोलतुया? ह्ये कुटं हायेत?"

पंकजच्या घरच्या स्पीकरवरही तेच वाजले. तो हसत आमच्या दारात आला व म्हणाला, "लई झ्याक आवाज आलाय की, दादा!"

मी जाब विचारला असता तो म्हणाला, "गान्यांना हात न्हाई लावला. गानी समाजाची हायेत, तेवडं कळतं मला. नुसत्या बोलन्याच्या घेतल्या. त्यात काय हुतं?"

मी त्याच्या कानाखाली वाजवली. हेही लिहून घ्यावे. गाणी वडिलांच्या साथीदारांकडे मिळतील, आईला मारलेली हाक कोणाकडे मिळणार, हे त्या गाढवाला अजून कळलेले नाही. संध्याकाळी त्याने सहा कोऱ्या कॅसेट आणून आमच्या ओट्यावर ठेवल्या. मी त्या रस्त्यावर फेकल्या.

रिक्षांतल्या पाच कॅसेट मी आणून तपासल्या. दोन्ही बाजू भरलेल्या आहेत, वडिलांचा एक शब्द उरलेला नाही. घरच्या कॅसेटवर दुसऱ्या बाजूला प्रचार संपल्यावर शेवटची चार मिनिटे वडील बोलतात.

आधी वडिलांचा आवाज होता हे त्याच कॅसेटवरून सिद्ध होते, म्हणून ती मुद्देमाल म्हणून जमा करावी लागेल, त्याशिवाय तक्रार टिकणार नाही, असे मला येथे सांगण्यात आले. ती परत कधी मिळेल, असे मी विचारले. कोर्टाचा निकाल लागल्यावर, असे उत्तर मिळाले. आई अडुसष्ट वर्षांची आहे. कॅसेट मी देणार नाही. तक्रार टिकत नसेल तर न टिको.

हा जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. त्यात 'घरगुती गैरसमजातून' असे लिहिले होते. ते शब्द माझे नसल्याने मी समोर बसून खोडायला लावले. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे.

सही
प्रशांत कोंडीराम भिंगारदिवे