पूजेतला पाना आणि पसरणीचा घाट

मंडळी, एक सांगा. मालातलं उणं विकणाऱ्यानं आपल्या तोंडानं सांगावं का? गिऱ्हाइकानं विचारलंच नाही तर? — बघा, दुकानदार मंडळी लगेच छताकडे बघायला लागली! ऐका तर मग.

पाचगणीत रघुनाथ बावळेकर नावाचा मिस्त्री. भंगारात निघालेली इंग्रजी मॉरिस मायनर त्यानं वर्षानुवर्षं खपून उभी केली. रंग असा, की गल्लीतल्या बायका तिच्यात बघून कुंकू नीट करायच्या! ती विकली तर गॅरेजची जागा राहणार, नाहीतर शटर कायमचं खाली. काम एकच उरलेलं — मागचे ब्रेक. पण खंडेनवमी आली! पाने, हातोडे धुऊन पूजेत मांडले. दसरा होईतो पूजेतलं हत्यार उचलायचं नाही, हा रिवाज.

दसऱ्याला सकाळीच गाडीचं गिऱ्हाईक, वाईचे पिसाळ, सपत्नीक हजर. "मुहूर्त चांगला आहे. आत्ताच खाली नेतो."

खाली म्हणजे? अख्खा पसरणीचा घाट!

 रघुनाथाचं मन म्हणतं, सपाटीला थांबते की गाडी! त्यांनी विचारलंय का? — मन मोठं वकील, मंडळी, आणि फीसुद्धा घेत नाही! तेवढ्यात पिसाळकाकू पदर सावरत आत बसल्या.

"काकू, उतरा," रघुनाथ म्हणाला. "मागचे ब्रेक व्हायचेत. घाटात गाडी थांबायची नाही."

पिसाळ भडकले. "हे आत्ता सांगतोस?"

"आधीच सांगायला हवं होतं. चुकलो."

"मग आजच्या आज कर. नाहीतर सौदा मोडला."

"हत्यारं पूजेत आहेत."

तेव्हा त्याची बायको इंदुमती उठली. देवाला हात जोडले, झेंडू बाजूला सारला, आणि हळदकुंकवासकट पाना नवऱ्याच्या हातात दिला. "घ्या. जीव वाचवायला उचललं तर देव रागवत नाही. रागवलाच तर मी बघते त्याच्याकडे."

दुपार टळेपर्यंत रघुनाथ गाडीखाली! सीमोल्लंघनाच्या वेळेला गाडी घाटात उतरली, तोही पिसाळांच्या शेजारी बसला. पहिल्याच अवघड वळणावर म्हणाला, "दाबा."

थांबली! भर उतारावर, जागच्या जागी थांबली! काकूंनी तिथंच आपट्याचं सोनं त्याच्या हातावर ठेवलं. पिसाळ म्हणाले, "माझ्या भावाची ऑस्टिन गाडी पडून आहे. ती तुझ्याशिवाय कुणाच्या हातात द्यायची नाही." शटर आजही उघडं आहे, मंडळी!

आता तुमच्याकडे वळतो. गाडीला हार घातला, नारळ फोडला, छान झालं. पण तुमच्या भरवशावर आत कोण बसलंय? त्याला काय सांगायचं राहिलंय? घरी जा, आधी ते सांगा. मग देवाचं नाव घ्या.